दुसरी खुरपणी : परदेशात शिकणारे विद्यार्थी आणि तिथल्या रानाची निगा

पुण्याच्या टेकडीवर पायवाट सोडली की जिच्या काट्यांत कपडे अडकतात ती घाणेरी (काहींच्या तोंडी टणटणी) सिडनीच्या बंदराकाठच्या रानातही तितकीच माजलेली आहे. दोन्हीकडे ती पाहुणी. मूळची अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातली. शोभेचे झुडूप म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भारतात आणि ऑस्ट्रेलियात आणली गेली आणि दोन्हीकडे बागेचे कुंपण ओलांडून निघून गेली. ऑस्ट्रेलियात 1841 साली ॲडलेडच्या बागेत तिची नोंद सापडते. आज तिथली सुमारे 40 लाख हेक्टर जमीन तिने व्यापली आहे आणि राष्ट्रीय महत्त्वाच्या तणांच्या सरकारी यादीत तिला मानाचे पान आहे. कोथरूडचा एखादा मुलगा दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी सिडनीला जातो, एका रविवारी नगरपालिकेच्या ‘बुशकेअर’ गटात नाव नोंदवतो, हातमोजे चढवतो आणि पहिल्याच तासाला त्याच्यापुढे घाणेरी उभी राहते. हिच्यासाठी एवढ्या लांब आलो का, असे त्याला वाटले तर नवल नाही.

हा विद्यार्थी, त्या रविवारचे त्याचे तीन तास आणि त्या तीन तासांनी रानाचे नेमके काय होते, एवढाच या विवेचनाचा विषय. ‘परदेशात शिकताना केलेली निसर्गसेवा’ या नावाखाली खरे तर दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या जातात. एक म्हणजे सुट्टीत शुल्क भरून तिसऱ्याच देशात जाणे, तिथल्या किनाऱ्यावर रात्री कासवांच्या अंड्यांची राखण करणे आणि दोन आठवड्यांनी फोटो घेऊन परतणे. यात स्वयंसेवक हा गिऱ्हाईकही असतो, त्याच्या शुल्कावर प्रकल्पाचा खर्च भागतो. ते वाईटच असे नाही, पण त्याचा हिशेब पर्यटनाच्या वहीत मांडायला हवा. दुसरी गोष्ट म्हणजे ज्या गावात शिकतो, भाड्याने राहतो, बस पकडतो, त्याच गावच्या ओढ्याकाठी महिन्यातली एक सकाळ देणे. मी लिहितो आहे ते या दुसरीबद्दल. उदाहरण सिडनीचे घेतो, कारण या कामाची पद्धत तिथेच घडली आणि तिथली माती मी गुडघे टेकून जवळून पाहिली आहे.

पेच कुठे आहे

शेतात पहिली खुरपणी होते, मग काही दिवसांनी दुसरी. पहिलीने शेत नजरेला स्वच्छ दिसते, पण पीक हाती लागते ते दुसरीमुळे. पहिल्या खुरपणीत उघडी पडलेली माती ऊन आणि ओल खाते आणि तिच्यात दडलेले तणाचे बी उगवून वर येते. ते वेळेत काढले नाही तर पहिली मजुरी फुकट. घरी शेती असलेल्याला हे सांगावे लागत नाही.

रान सावरण्याच्या कामात हाच न्याय लागू आहे, फक्त दिवसांच्या जागी वर्षे धरायची. घाणेरीचा एक ताटवा काढला तर तिथे निदान दोन-तीन वर्षे पुन्हा पुन्हा यावे लागते. विद्यार्थ्याजवळ नेमके तेवढेच नसते. तो दोन वर्षांसाठी आलेला असतो. पहिले सहामाही सत्र घर आणि नोकरी शोधण्यात जाते, शेवटचे प्रबंधात आणि पुढच्या नोकरीच्या धावपळीत. मधे उरते वर्षभर, त्यातल्या फार तर आठ-दहा सकाळी. म्हणजे आवड कितीही असली तरी परिस्थितीने तो पहिल्या खुरपणीचा माणूस आहे. दुसरी कोण करणार, या प्रश्नाचे उत्तर ज्या गटाजवळ तयार असते तिथे त्याचे श्रम रानाच्या कामी येतात. जिथे ते नसते तिथे त्याच्या श्रमांनी रानाचे नुकसानही होऊ शकते. हे वाक्य कठोर वाटेल, म्हणून ते कसे घडते ते सविस्तर पाहू.

दोन बहिणी आणि तीन नियम

सिडनी बंदराच्या उत्तर काठावर मोसमन नावाचे उपनगर आहे. तिथल्या भूशिराला ब्रॅडलीज हेड म्हणतात. या रानाला नाव मिळवून देणाऱ्या दोन बहिणीही ब्रॅडलीच, पण भूशिराचे नाव पडले ते ब्रिटिशांच्या पहिल्या ताफ्यातल्या विल्यम ब्रॅडली या नौदल अधिकाऱ्यावरून. आयलीन आणि जोन ब्रॅडली 1960 च्या दशकात तिथल्या ॲश्टन पार्कच्या रानात नेमाने फिरायला जात. तण माजले की माणसे येतात, सगळे सपाट कापून जातात आणि पुढच्या खेपेला तिथे तण आधीपेक्षा दाट उभे असते, हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी उलटी वाट धरली. फिरता फिरता, जिथे रान अजून धडधाकट आहे तिथलेच एखाद-दुसरे तण काढायचे, माती ढवळायची नाही, बाजूला केलेला पाचोळा पुन्हा जागेवर पसरायचा आणि पुढे चालू लागायचे. 1967 साली त्यांनी यावर एक पुस्तिका काढली. आयलीन 1976 साली वारल्या, जोन 1982 साली. जोन यांचे मोठे पुस्तक त्यांच्या मागे, 1988 साली निघाले.

त्यांच्या पद्धतीचे तीन नियम आजही नवख्याला पहिल्या दिवशी ऐकवतात. चांगल्या रानाकडून वाईटाकडे सरकायचे. मातीला कमीत कमी धक्का लावायचा. आणि देशी झाडोरा ज्या वेगाने मोकळी जागा भरून काढेल त्याच वेगाने तण काढायचे, त्यापुढे एक पाऊलही नाही. तिसरा नियम सर्वांत कठीण, कारण तो काम करणाऱ्याला थांबायला सांगतो. साठ-सत्तर वर्षांच्या आजीबाई हातात छोटा चाकू घेऊन शांतपणे थांबतात, आणि तेवीस वर्षांचा मुलगा विचारतो, ‘अजून एवढे दिसतेय, काढू का?’

या संथपणामागे भाबडेपणा नाही, मातीचे गणित आहे. सिडनीच्या बऱ्याच भागाखाली हॉक्सबरी वालुकाश्म आहे. त्यापासून झालेली माती रेताड, आणि तिच्यात फॉस्फरस फारच कमी. बँक्सियासारखी तिथली झाडे या उपाशी मातीवर जगायला सरावलेली आहेत, इतकी की फॉस्फरस वाढला तर त्यातल्या काहींना तो बाधतो. वस्ती वाढली तशी बागांतली खते, धुण्याचे पाणी, कुत्र्यांची घाण हे सगळे पावसाच्या गटारांतून रानात उतरू लागले. बाहेरून आलेल्या तणांना हीच मेजवानी. म्हणून सिडनीच्या कुठल्याही रानात तण पाहायचे असेल तर गटाराच्या तोंडाशी जावे. तण हे तिथे रोगापेक्षा लक्षण जास्त आहे. गटार वाहते आहे तोवर त्याच्या तोंडाशी कितीही उपटले तरी संपणार नाही. एका दिवसापुरत्या आलेल्या मंडळींना अशीच जागा दिलेली मी पाहिली आहे. त्यात हेतू चांगला असतो, तिथे फारसे बिघडवता येत नाही. पण त्या मंडळींना कोणी हे सांगत नाही, आणि ती घरी जाताना रान वाचवल्याच्या आनंदात असतात.

रोप न लावण्याचे शास्त्र

महाराष्ट्रातून गेलेल्या विद्यार्थ्याच्या मनात निसर्गसेवा म्हणजे वृक्षारोपण. राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत 240 तास भरायचे, सात दिवसांचे शिबिर करायचे, त्यात वनराई बंधारा आणि खड्डे खणून रोपे. रोपे कसली, हे त्या वयात कोणी विचारत नाही. पुण्याच्या टेकड्यांवर वन खात्याने लावलेली ग्लिरिसिडिया मध्य अमेरिकेतली, डोंगरउतारांवरची ऑस्ट्रेलियन बाभूळ नावाप्रमाणे ऑस्ट्रेलियातली, निलगिरीही तिथलीच. हा मुलगा सिडनीत पोचतो तेव्हा दोन-तीन महिने त्याच्या हाती एकही रोप पडत नाही. नुसते काढायचे. त्याचा हिरमोड होतो, आणि तो होणे साहजिक आहे.

जमीन सावरण्याच्या तीन पायऱ्या मानतात. जमिनीची ताकद शाबूत असेल तर फक्त त्रास देणारी गोष्ट थांबवायची, रान आपणहून उठते. ताकद अर्धीमुर्धी असेल तर तण काढून, कधी जाळ लावून, त्याला हात द्यायचा. आणि मातीत बीच उरले नसेल तर मात्र रोपे लावून नवे रान घडवायचे. पहिल्या पायरीचे जुने उदाहरण न्यू साउथ वेल्सच्या पश्चिम टोकाला, ब्रोकन हिल या खाणीच्या गावातले आहे. गुरे, ससे आणि लाकूडतोड यांनी गावाभोवतीची जमीन उघडी पडली होती, वाळूची वादळे घरांत शिरत होती. अल्बर्ट मॉरिस या वनस्पतींच्या नादी लागलेल्या गृहस्थाच्या सांगण्यावरून 1936 साली एका खाण कंपनीने गावाभोवती जमीन कुंपणाने बंद केली. ससे आणि गुरे बाहेर राहिली, पाऊस आला आणि बरेचसे काम जमिनीने स्वतःच केले. ब्रॅडली बहिणींची पद्धत दुसऱ्या पायरीची. सिडनीच्या रानातल्या अकेशियांचे कडक सालीचे बी मातीत वर्षानुवर्षे, दशकानुदशके पडून राहते आणि आगीच्या धगीने जागे होते. ज्या मातीत असा साठा आहे तिथे रोपवाटिकेतले रोप आणून लावणे म्हणजे भरल्या घरात डबा मागवण्यासारखे आहे.

तिसऱ्या पायरीचे उत्तम उदाहरण न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडजवळच्या तिरितिरी मातांगी या सव्वादोनशे हेक्टरांच्या आतल्या बेटावर मिळते. शेती आणि चराईने ते जवळजवळ बोडके झाले होते. 1984 ते 1994 या दहा वर्षांत हजारो स्वयंसेवकांनी तिथे अडीच लाखांहून अधिक झाडे लावली, मग दुर्मीळ पक्षी आणून सोडले. तिथे एका दिवसासाठी आलेल्या शाळकरी पोराच्या हातचे रोपही कामी आले, कारण रोपे वाढवणारी, खड्डे आखणारी आणि नंतर पाहणारी माणसे दहा वर्षे तीच होती. तात्पुरते हात उपयोगी पडतात ते असे, मागे कायमचे कोणी असेल तर. तेव्हा ‘झाडे लावावीत की तण काढावे’ हा वाद निरर्थक आहे. आधी ती जमीन कोणत्या पायरीवर आहे ते पाहावे लागते, आणि ते ओळखायला नवा विद्यार्थी असमर्थ असतो. त्याने ते ओळखणाऱ्याच्या हाताखाली काम करावे, एवढेच त्याच्या हाती आहे.

गड्डा आणि केना

एक काम जवळून पाहू. आपल्याकडे कुंडीत लावतात ती, फुलांच्या गुच्छात हिरवळ म्हणून खोचतात ती ॲस्परॅगस फर्न मूळ दक्षिण आफ्रिकेची. नावात फर्न असले तरी ती शतावरीच्याच प्रजातीतली. सिडनीच्या झाडांखाली ती चटईसारखी पसरते. तिला धरून ओढले तर काटेरी फांदी हातात येते आणि झाड जागेवर राहते. खणायला गेलो तर मुळांना लागलेल्या पांढऱ्या, पाणीदार गाठींची माळ संपता संपत नाही आणि हातभर जमीन उकरली जाते. शहाणपण असे की त्या गाठींना हातच लावायचा नाही. त्या नुसत्या पाणी साठवतात, त्यांतून फुटवा येत नाही. फुटवा येतो तो खोडाच्या बुडाशी असलेल्या गड्ड्यातून. चाकूचे टोक गड्ड्याच्या कडेने तिरपे घालायचे, गोल फिरवून मुळे कापायची, गड्डा अलगद उचलायचा, गाठी मातीतच कुजायला ठेवायच्या, पाचोळा सारखा करायचा. नीट जमले तर तिथे कोणी बसले होते हे कळतही नाही. माझ्या पहिल्या सकाळी मी तीन तासांत जेमतेम अंगणाएवढी जागा केली आणि कंबर धरून उठलो. शेजारच्या बाईंनी माझ्या पिशवीत डोकावून त्यातले दोन गड्डे अर्धेच आहेत हे दाखवले. उरलेले अर्धे जमिनीत होते, म्हणजे महिन्याभराने पुन्हा वर येणार होते.

आणि दुसरी चूक याहून मोठी. ओढ्याकाठी ट्रॅडेस्कँशिया नावाचे दक्षिण अमेरिकेतले लुसलुशीत तण पसरते. ते पांढऱ्या फुलांचे. त्याच सावलीत, त्याच्यासारख्याच पानांची, निळ्या फुलांची एक देशी वनस्पती उगवते, कॉमेलिना सायनिया. सुरुवातीच्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी ती स्कर्व्ही टाळायला खाल्ली म्हणून तिचे इंग्रजी नावही स्कर्व्हीवरूनच पडले. फुले नसताना दोघींत नवखा हमखास फसतो. मीही फसलो, आणि हातभर ढीग उपटून झाल्यावर एका देठावर निळे फूल दिसले. ते फूल पाहताच ओळख पटली : हा तर केन्याचा भाऊ. आषाढात जो केना खुडून त्याची भाजी करतात त्याच प्रजातीतला. पानाला देठाशी असलेली ती पिशवीसारखी घडी, तिच्यातून डोकावणारे निळे फूल, सगळे तेच. लहानपणी पावसाळी भाजी निवडलेल्या कोणालाही हा फरक पुस्तकाशिवाय सांगता आला असता. मी फूल दिसेपर्यंत पाहिलेच नव्हते.

या प्रसंगातून एक मुद्दा निघतो, आणि तो गांभीर्याने घ्यावा. परदेशी विद्यार्थी म्हणजे निव्वळ कष्ट करणारे हात, असे गट चालवणारे आणि विद्यार्थी दोघेही धरून चालतात. पण वनस्पतींच्या बाबतीत तो रिकाम्या हातांनी येत नाही. घाणेरी, शतावरी, केना, कुसळी गवत यांचे सगे त्याला तिथे भेटतात. कुसळी तर ऑस्ट्रेलियाच्या उत्तर-पूर्वेकडची देशीच आहे. क्वीन्सलंडमध्ये ज्यावर मोठी मोहीम चालते ते पार्थेनियम म्हणजे आपले गाजरगवत, काँग्रेस गवत. भारतात त्याची पहिली चर्चा झाली ती 1950 च्या दशकात, पुण्यातच. दोन्ही देशांनी त्यावर मेक्सिकोतला एकच भुंगा सोडला. ज्याला हे नातेगोते माहीत आहे तो विद्यार्थी चहाच्या सुट्टीत गटाला काही सांगू शकतो.

उत्साहाचे अपाय

चूक फक्त ओळखण्यात होत नाही. मडीरा वेल ही मायाळूच्या कुळातली वेल झाडांवर चढते आणि तिच्या देठांवर बटाट्यासारखे बारीक कंद लगडतात. एकेक कंद म्हणजे नवी वेल. तरुण हातांनी ती जोरात खाली खेचली की कंदांचा सडा पडतो आणि एका वेलीच्या जागी शंभरांची पेरणी होते. घाणेरीही तशीच चिवट. कापलेली फांदी ओल्या जमिनीवर टाकली की पेऱ्यापाशी मुळे धरते, म्हणून कापलेले सगळे जमिनीला न टेकेल असे रचून ठेवतात. खोड जमिनीलगत कापले की काही सेकंदांत त्यावर तणनाशकाचे बोट फिरवावे लागते, उशीर झाला की झाड जखम मिटवते आणि औषध आत जात नाही. हे दोघांचे काम, एकाने कापायचे, दुसऱ्याने लावायचे. गप्पा मारत केले की बिघडते.

घाणेरी सगळी एकदम काढणेही चूक. शहरातल्या रानात खालची झुडपे गेली की रेनसारखे चिमुकले पक्षी त्या काटेरी जाळीतच आडोसा घेतात, घरटी करतात. म्हणून ती पट्ट्यापट्ट्यांनी काढतात आणि आधीच्या पट्ट्यात देशी झुडपे कमरेएवढी झाल्याशिवाय पुढच्याला हात लावत नाहीत. परक्या तणालाही काही काळ ठेवून घ्यावे लागते, हे पहिल्या वर्षीच्या विद्यार्थ्याला पटणे अवघड जाते.

आणि बूट. 2010 साली मर्टल रस्ट हा बुरशीचा रोग न्यू साउथ वेल्समध्ये सापडला. निलगिरीच्या कुळातल्या कित्येक झाडांना तो लागतो, आणि त्याचे बीजाणू कपड्यांवरूनही जातात. मुळे कुजवणारी फायटोफ्थोरा तर चिखलाबरोबर बुटांच्या तळव्यांतून फिरते. म्हणून कामाआधी आणि कामानंतर बूट घासून त्यांवर स्पिरिट मारतात. शनिवारी एका रानात ट्रेकला आणि रविवारी दुसऱ्या रानात सेवेला जाणाऱ्या उत्साही विद्यार्थ्याचा बूट हेच रोगाचे वाहन ठरू शकते.

विद्यार्थ्याचे पंचांग

आता दुसरी बाजू. ऑस्ट्रेलियात विद्यार्थी-व्हिसावर, वर्ग चालू असताना, पंधरवड्याला 48 तास पगारी काम करता येते. ही मर्यादा 1 जुलै 2023 पासूनची. बिनपगारी काम त्यात धरत नाहीत, पण अटी आहेत : संस्था ना-नफा हवी, काम समाजाच्या उपयोगाचे हवे, आणि जे काम एरवी पगार देऊन तिथल्या रहिवाशाकडून करून घेतले असते तसले ते नसावे. शेवटची अट वाचून सोडून देण्यासारखी नाही. सिडनीत रान सावरणे हा पोटापाण्याचा धंदाही आहे. टेफ या सरकारी व्यवसाय-शिक्षण संस्थेत त्याचे रीतसर शिक्षण मिळते, नगरपालिका कंत्राटे देतात. नगरपालिकेच्या रहिवासी गटात चाकू घेऊन बसणे ही सेवा आहे. ‘अनुभवासाठी’ म्हणून एखाद्या खाजगी ठेकेदाराकडे फुकट फवारणी करणे ही सेवा नाही, आणि व्हिसाच्या दृष्टीने धोक्याचे आहे. ब्रिटनमध्ये शब्दच दोन आहेत. ‘व्हॉलंटीअरिंग’ मर्यादेबाहेर, पण ठरलेल्या वेळा आणि बंधने असलेले ‘व्हॉलंटरी वर्क’ आठवड्याच्या 20 तासांत मोजले जाते. आपल्याकडे दोन्हीला स्वयंसेवाच म्हणतात, त्यामुळे घोटाळा होतो.

पैशाचेही बोलले पाहिजे, सेवेच्या लेखांत ते टाळायची रीत असली तरी. 1 जुलै 2025 पासून ऑस्ट्रेलियातले किमान वेतन तासाला 24.95 डॉलर झाले. तीन तासांची एक सकाळ म्हणजे साधारण 75 डॉलर, आठवड्याच्या किराण्याएवढी रक्कम. सिडनीच्या हॅरिस पार्क उपनगरात एका खोलीत तिघे राहणाऱ्या मुलाला हे 75 डॉलर सोडायला सांगणे सोपे नाही. मात्र ज्याचे 48 तास आधीच भरले आहेत त्याच्यासाठी एकोणपन्नासाव्या तासाला कायदेशीर मोल नाहीच, आणि म्हणून तो तास द्यायला काही खर्च येत नाही. सत्र चालू असताना विद्यार्थी गटात दिसतात त्यामागे निसर्गप्रेमाबरोबर हेही गणित असावे, असा माझा कयास आहे. सत्र संपले की मर्यादा उठते. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ पूर्ण वेळ कमावण्याचा किंवा भारतात जाऊन येण्याचा. सिडनीत तोच उन्हाळा, दमट, पावसाच्या सरींचा, तण झपाट्याने वाढण्याचा. रानाला हात हवे असतात तेव्हा विद्यार्थी गोदामात किंवा विमानात असतो. त्याला दोष देऊन उपयोग नाही, पंचांगच जुळत नाही.

राहिला ‘बायोडेटा’चा मुद्दा. कायमच्या वास्तव्याच्या गुणांत धरला जाणारा कामाचा अनुभव पगारी असावा लागतो, त्यामुळे तिथे या तासांचे शून्य गुण. नोकरीच्या मुलाखतीत चार वाक्ये बोलता येतील, इतकेच. माझ्या मते हे बरेच झाले. ज्या कामातून गुण मिळतात त्याचे तास फुगतात, हे सेवा योजनेच्या वह्या भरलेल्यांना ठाऊक आहे.

वही

मग या तात्पुरत्या माणसाचे श्रम मोजायचे कसे? गटांच्या अहवालांत सहसा तीन आकडे असतात : तास, पिशव्या, रोपे. तिन्ही पहिल्या खुरपणीचे आहेत. पिशव्या जास्त भरल्या म्हणजे माती जास्त ढवळली गेली, असाही त्याचा अर्थ होऊ शकतो. मला विचाराल तर एकच प्रश्न पुरे : गेल्या वर्षी ज्या जागी काम झाले तिथे या वर्षी कोणी परत गेले का?

हा प्रश्न विचारता यावा म्हणून वही लागते. चांगल्या गटाजवळ ती असते. जागेचा हाताने काढलेला नकाशा, तारीख, किती जण होते, कोणते तण कुठून कुठपर्यंत काढले, औषध लावले की नाही, कोणती देशी रोपे आपणहून उगवलेली दिसली. गटातली निवृत्त माणसे वीस-वीस वर्षे तीच जागा सांभाळतात. त्यांच्या डोक्यात हे सगळे असते आणि म्हणूनच ते कागदावर उतरत नाही. इथे विद्यार्थ्याचा खरा उपयोग होतो, आणि तो त्याच्या दंडांतल्या ताकदीपेक्षा वेगळा आहे. त्याला फोनवर जागेचे निर्देशांक टिपता येतात, त्याच कोनातून दर वेळी फोटो काढता येतो, तक्ता करता येतो. जाताना तो पुढच्या विद्यार्थ्याला ही वही देऊन गेला तर त्याच्या आठ सकाळी आणि पुढच्याच्या आठ सकाळी एकाच जागी लागतात. माणसे बदलली तरी खुरपणी तीच चालू राहते. सिडनीतल्याच पॅरामॅटाच्या परिसरात, जिथे भारतीय विद्यार्थ्यांची वस्ती दाट आहे, कंबरलँड प्लेन वुडलँड नावाचे चिकणमातीवरचे विरळ रान होते. मूळच्या रानाचा दहावा हिस्साही आता उरलेला नाही. त्याच्या उरलेल्या तुकड्यांत आफ्रिकन ऑलिव्ह दाटतो आहे. आपल्या हिमालयात ज्याला काहू म्हणतात त्याच जातीचा तो. एकेका तुकड्याला वर्षानुवर्षे परत येणारे हात लागतात, आणि शेजारच्या भाड्याच्या घरांत दर सहा महिन्यांनी नवी मुले उतरतात. या दोन गोष्टींची गाठ घालायला मोठा निधी लागत नाही. एक वही आणि ती कोणाकडे राहील हे ठरवणारा एक माणूस लागतो.

परत आल्यावर या शिक्षणाचे काय होते, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. ब्रॅडली बहिणींचा पहिला नियम, चांगल्याकडून वाईटाकडे, ऐकला की सह्याद्रीतल्या माणसाला देवराई आठवते. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास मांडला, तेव्हापासून या राया म्हणजे मूळच्या रानाचे शिल्लक राहिलेले तुकडे हे अभ्यासकांना माहीत आहे. आत दाट, ओले, पाचोळ्याने झाकलेले रान, आणि कडेला, जिथे रस्ता किंवा शेत भिडते तिथे, घाणेरीची झालर. सिडनीच्या शिस्तीने पाहिले तर काम स्वच्छ दिसते : आतल्या धडधाकट रानापासून सुरुवात, कडेकडे सरकत, थोडे थोडे. पण अनेक देवरायांत वाळलेली काटकीही उचलायची नाही असा दंडक आहे, आणि घाणेरी ही काटकी धरायची की नाही हे वनस्पतिशास्त्र सांगू शकत नाही. ते गुरवाला विचारावे लागते. गुरव म्हणतो, गावाला विचारतो. गाव जमते ते जत्रेला. पंधरा दिवसांच्या रजेवर आलेल्या मुलाची रजा त्याआधीच संपलेली असते.